अक्कांचं माहेर

नव्वदच्या आसपास आम्ही धुळ्याला देवपुरात राहत होतो. नवरा नोकरीला जळगावला, रविवारी यायचा. घरात मी, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांची स्मृती जात चालली होती. आता यात सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

सकाळी नळाला पाणी आलं, मुलांची शाळेची घाई सुरू झाली, की नेमक्या तेव्हा अक्का पिशवी घेऊन दारात उभ्या राहायच्या.

"मले घर जानं शे. मनी माय वाट देखत व्हई."

मी समजवायची, की तुमची आई जाऊन किती वर्षं झाली. त्यांना ते दर वेळी नव्यानेच कळायचं. मग त्या ओसरीवर बसून रडायच्या. इकडे दूध उतू जायचं आणि धाकटी रिक्षा चुकली म्हणून भोकाड पसरायची.

एका उन्हाळ्यात दुपारी माझा डोळा लागला आणि अक्का निघून गेल्या. सापडल्या आग्रा रोडवर, एसटीच्या थांब्यावर. मी हात धरला तर जागच्या हलेनात. ओढून नेण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. तेवढ्यात शिरपूर गाडी आली. अक्कांचं माहेर वाटेतल्या सोनगीरचं. मुलं मामाकडे होती. मी अक्कांना घेऊन गाडीत चढले. घर एकदा डोळ्यांनी पाहिलं की मन शांत होईल, असं मला खरंच वाटलं होतं.

सोनगीरला उतरलो. अक्कांचे भाऊ कधीच सुरतेला गेले होते. घराच्या जागी पिठाची गिरणी होती. मागची विहीर आणि किल्ल्याची टेकडी मात्र तशीच होती. अक्कांनी सगळं नीट पाहिलं.

"हाई मनं घर नही," त्या म्हणाल्या. "मले घर जानं शे."

आम्ही निंबाच्या पारावर बसलो. त्यांना नेण्यासारखी जागाच आता कुठे उरली नव्हती. मला रडू आलं. अक्कांनी पदरानं माझं तोंड पुसलं. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तू भी घर जाय बेटा," त्या म्हणाल्या. "तुनी माय वाट देखत व्हई."

माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती. मी फक्त "हो" म्हटलं.

त्यानंतर मी त्यांना खरं सांगणं सोडलं. त्या दारात आल्या की गॅस बंद करून "चला" म्हणायची. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचो. डबे उशिरा व्हायचे, पाणी जायचं, मुलं चिडायची. नवऱ्याला हे वेड वाटे. मला मात्र त्या चालण्यात श्वास घेता यायचा. बरं काहीच होणार नव्हतं, आणि ते मी मान्य केलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात अक्कांनी दारात येणंही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून असत. मीच कधी त्यांच्या कानाशी जाऊन विचारायची, "अक्का, घरी जायचं का?" त्यांना माझा प्रश्न कळत नसे.