कोरड्या नळीचा पगार

मोर्शीकडच्या एका मातीच्या धरणावर मी रोजंदारीनं लागलो, तेव्हा साठचं साल उलटलं होतं. बांधाच्या पोटात लोखंडी नळ्या उभ्या पुरल्या होत्या. मातीच्या बारीक छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढला की नळीत पाणी चढायचं. मी फितीला बांधलेलं पितळी वजन आत सोडायचो. पाणी लागलं की 'डुब्' वाजायचं. गावाकडच्या अंगाच्या नळ्या कोरड्या राहायला पाहिजेत, एवढंच पाहायचं.

"काय काम करून राहिला रे बाप्पा?" आई विचारायची. मी वैतागून म्हणायचो, "नळीत पानी हाये का पाह्यतो. आजबी कोरडीच."

गावच्या विहिरीवर आमच्या बायांना तेव्हाही जाऊ देत नव्हते. आई नाल्यातला झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायची.

मग एका नळीत पाणी लागलं. रोज वर चढू लागलं. बाजूच्या नळ्या कोरड्या ठणठणीत, पण धरणावरच्या इंजिनिअर साहेबांचा चेहरा उतरला. "बांध फुटला तर खालचं गाव जाईल. नळीतलं पाणी उतरलं नाही, तर तलाव रिकामा करू." म्हणजे उन्हाळ्यात संत्र्याच्या बागा वाळणार आणि बागांतल्या मजुरीवर जगणारे आम्ही उपाशी. मला घास गोड लागेना.

एका दुपारी आई रोजच्यासारखी डबा घेऊन आली. माझ्याकडे न येता आधी त्या नळीपाशी गेली, टोपण काढलं अन् तांब्यातलं पाणी भडाभडा आत!

"अवं माय! काय करून राहिली?"

"वरडतं काहून? रोज कोरडी, रोज कोरडी. कोरड्या नळीचा पगार कोन देईन तुले?"

मी कपाळाला हात लावला. काळ्या चिकणमातीत ते पाणी मुरणार कुठं! "ओतायचंच होतं तं समोर तलाव भरला हाये ना!"

"गढूळ पानी? सरकारी नळी खराब झाली असती तं?"

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. "आईला सांग, कोरडी राहते म्हणूनच पगार मिळतो." नळी उपसून तिला कुलूप घातलं. तलाव भरलेलाच राहिला.

संध्याकाळी हे सांगताना मी हसत होतो. धाकटी बहीण मात्र हसली नाही. म्हणाली, "तरीच. माय दुपारचं पानीच पेत नोयती. तान नाई म्हने."

मी उठून अंगणात गेलो आणि रडलो.