सोळा नंबरची तार

एरंडोलच्या तारऑफिसात भाईदास बावीस वर्षं कळ दाबत होता आणि बावीस वर्षांत त्याची एकही तार चुकली नव्हती. हे तो स्वतःच सांगायचा, कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. अंगाने काटकुळा, पण आवाज असा की ऑफिसात बोलला तर समोरच्या चहावाल्याला वेगळं सांगावं लागत नसे.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात त्याच्या हाती विज्ञानाचं एक मासिक पडलं आणि घरादाराची शांती गेली. त्यात लिहिलं होतं, अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाला असं वाटतं की विश्व मुळात वस्तूंचं बनलेलंच नाही, माहितीचं बनलेलं आहे. दगड घ्या, पाणी घ्या, चांदणी घ्या. खोल खोल जात राहा, तळाशी उरतात ती फक्त एवढीशी उत्तरं, आहे किंवा नाही. भाईदासने तो लेख सात वेळा वाचला. आठव्यांदा बायकोला वाचून दाखवला.

"अगं, म्हंजे तारच ना! कळ दाबी, नही दाबी. बठ्ठं जग त्यावरच उभं शे!"

बेबाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग उद्यापासून तुम्हनी भाकर बी तारवर धाडसू."

शेजारचे लोटनआबा मात्र नीट ऐकून घेत. सारा जन्म कापसात गेलेला माणूस, पण डोकं लख्ख. त्यांनी एवढंच विचारलं, "भाईदास, माहिती कोनी तरी कोनाले तरी देस. ऐकनारा नही, तर तुनी तार नुसती टकटक. मंग मानूस नव्हता तवय हाई बठ्ठं जग कोन ऐकी राहिंता?"

यावर भाईदास दुप्पट आवाजात बोलू लागला. हा वाद महिनाभर ओट्यावर रंगला आणि दोघांनाही त्यात विलक्षण मजा आली.

लोटनआबांची नात कुंदा याच ओट्यावर लहानाची मोठी झाली होती. बाप चोपड्याला, पण शाळेसाठी ती आजोबांकडे राहिली. तिचं लग्न चोपड्याला ठरलं, मुलगा शिरपूरचा. आणि ऐन लग्नाला लोटनआबा तापाने आडवे झाले. लग्नाच्या दिवशी सकाळीच त्यांनी भाईदासला निरोप धाडला, माझ्या नावाने आशीर्वादाची तार कर.

लग्नसराईत अशा तारांचे मजकूर ठरलेले असत आणि प्रत्येक मजकुराला नंबर असे. इकडून नुसता नंबर जायचा, तिकडचा तारमास्तर यादी बघून पूर्ण वाक्य उतरवून द्यायचा. नवदांपत्याला आशीर्वाद, नंबर सोळा. भाईदासने तार केली. करताना उखर्डू पोस्टमनला तो विश्वाची घडण समजावून सांगत होता.

दुपारी दोनला शिकवणी पुन्हा सुरू झाली. "हे बघ उखर्डू, सकाळी आबांचा आशीर्वाद कसा गेला." भाईदासने टेबलावर बोटाने टकटक केलं आणि त्याचं बोट हवेतच थांबलं. बोटाने सकाळी जे केलं तेच आताही केलं होतं. सोळातला एकचा आकडा वाजलाच नव्हता. नुसता सहा गेला होता.

उखर्डूने भिंतीवरची यादी पाहिली. सहा म्हणजे घरात बाळ जन्मल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

खानदेशातल्या लग्नात तारा भोंग्यावरून वाचतात, कोणाची आली, कुठून आली, सगळ्या मांडवाला कळलं पाहिजे म्हणून. लग्नाआधीच बाळाचं अभिनंदन, तेही नवरीच्या सख्ख्या आजोबांकडून! भाईदासने तारेच्या कळीवर झडप घातली, पण चोपड्याला जाणारी जळगावची लाइन मेलेली होती. लग्न गोरज मुहूर्तावर. पोस्टमास्तरांना पोटात कळ आल्याचं सांगून तो धावत सुटला आणि चालती चोपडा बस पकडली.

धरणगावला ड्रायव्हर चहाला उतरला. भाईदास त्याच्या मागे टपरीवर गेला, त्याच्या चहाचे पैसे दिले, त्याला हात जोडले, शेवटी जवळजवळ ढकलत बसमध्ये आणला. भीती तर होतीच आणि तरीही, खोटं कशाला बोला, आत कुठेतरी उकळ्या फुटत होत्या. एक टकटक कमी पडली आणि तिकडे एक संसार मोडू शकतो! कोणती वस्तू हलली? काहीच नाही! मग स्वतःचीच लाज वाटून त्याने कपाळ खिडकीच्या गजावर आपटलं.

मांडवात शिरला तेव्हा भोंगा गप्प होता. चारशे माणसं गप्प होती. तार वाचून झाली होती.

नवरदेवाचे वडील रुपचंद उभे होते, चेहरा लालबुंद. कुंदाचा बाप हात जोडून काहीतरी पुटपुटत होता. भाईदास थेट माइकपाशी गेला. "चूक मनी शे! सोळा धाडाना होता, सहा धाडा मी!"

"तुम्ही पोरीकडला मानूस," रुपचंद म्हणाले. "झाकाझाक करी राहिनात."

चोपड्याचा तारमास्तर पुना तिथेच पाहुण्यांत बसला होता, सकाळी तार उतरवून घेणारा तोच. भाईदासने त्याला मांडवाच्या पार टोकाला, पाठ फिरवून उभं केलं. एक पितळी तांब्या मागून घेतला. "रुपचंदभाऊ, मना कानमा कोनताबी आकडा सांगा."

रुपचंदांनी कानात सांगितलं. भाईदासने अंगठीने तांब्या तारेच्या टकटकीत वाजवला.

"त्र्याहत्तर!" पुना तिकडून ओरडला.

रुपचंदांच्या भुवया वर गेल्या. मांडवात कुजबुज झाली. दुसरा आकडा, तिसरा आकडा, पुना एकदाही चुकला नाही. पोरं बाकांवर चढली, बाया पदर सावरत पुढे आल्या. मग भाईदास रुपचंदांच्या कानाशी म्हणाला, "आते सोळा सांगा. मी पहिला आकडा खाई टाकस."

तांब्या वाजला.

"सहा!"

"हाईच व्हयनं सकाळी," भाईदास म्हणाला आणि त्याचा तो आवाज पहिल्यांदा फाटला. "पोरनी काय चूक?"

रुपचंदांनी तांब्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी हात उंचावला. "चला. लावा लगीन."

लोक हलले, भटजी अक्षता गोळा करू लागले. तेवढ्यात कुंदा उभी राहिली. हात हळदीने पिवळे होते आणि मान वर होती. समोर माइक होता, म्हणून तिचा शब्द सगळ्यांना ऐकू गेला.

"घडीभर पहिले मी वाईट व्हतू, आते चांगली शे. सहा का सोळा, हाई बठ्ठा जनास्नी ठरावं. माले कोनी इचारस का?"

हा हिशेब भाईदासच्या कुठल्याच मासिकात नव्हता.

कोणी विचारायचं हेच कोणाला कळेना. शेवटी बाशिंगाच्या झालरीआडून नवरदेवच बोलला, घाबरत घाबरत, "कुंदा, तुले मी चालस का?"

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, दिवसभरात पहिल्यांदाच. चारशे माणसं, वाजंत्री, भटजी, लाल डोळ्यांचे रुपचंद, सगळे त्या एका पोरीच्या तोंडाकडे बघत होते, आणि भाईदासला शपथेवर वाटलं की या घटकेला पुढचं काहीच घडलेलं नाही, शिरपूरचं ते घर नाही, त्यातली चूल नाही, मुलंबाळं नाहीत, सगळं तिच्या एका हो-नाहीवर थांबलेलं आहे.

"हा," कुंदा म्हणाली.

भाईदास ढसाढसा रडू लागला आणि रडत रडतच वाजंत्रीवाल्यांवर खेकसला, "अरे बघता काय! वाजवा ना!"