दादाच्या आवाजात

गाद्यांच्या कारखान्यात माणसांशी बोलायचं काम थोरल्या भावाचं आणि शिवणकाम धाकट्या बहिणीचं. दादा अचानक गेला आणि कामगारांपुढे उभं राहायची वेळ तिच्यावर आली. तिने त्याचंच भाषण घोकलं. "काय मंडळी, झोप झाली का?" तोच विनोद, तसंच खाकरणं. हसलं कुणीच नाही. सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

म्हातारा पिंजारी हळूच म्हणाला, "ताई, दादा गेले. आता तुम्ही बोला."

"मला भीती वाटते," ती कशीबशी म्हणाली, "पण कारखाना बंद करणार नाही."

तेव्हा कुठे माणसं कामाला लागली.

आता ती मोठमोठ्या सभा गाजवते. पण बोलताना तिला पाठीशी भिंत लागते. मागे मोकळी जागा राहिली, की तिथून दादा पुढचं वाक्य सांगतो.