नवरीला बारीक करणारं कार्ड

टेमघरात मी घरच्या घरी लग्नाचे अल्बम बनवते. फोटोग्राफर फोटो आणून देतात, मी ते कॉम्प्युटरवर नीट करते. मागे आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचा अल्बम माझ्याकडे आला. गोल चेहऱ्याची, खाऊनपिऊन सुखी पोर, लहानपणापासून डोळ्यांसमोर वाढलेली. लग्न करून कशेळीला गेली आणि पहिल्यांदा माहेरी आली ती सरळ माझ्याकडे. म्हणाली, "ताई, मला सगळ्या फोटोत बारीक कर."

"मेले, कशाला? हळदीत किती गोड दिसतेस," मी म्हटलं. या बारीक करण्याचा मला मनापासून राग येतो, आणि राग आला की मी भाषण देते. तिलाही दिलं.

"तुझं बरोबर हाय," ती म्हणाली. "पण अल्बम सासरच्या हॉलमध्ये राहणार. येईल तो उघडणार, आणि सासू बाजूला बसून बोलणार. जेवायला बसले की ऐकतेच मी. निदान फोटोवरनं तरी न्हाय ऐकायचं मला."

मी बरं म्हटलं आणि कामाला लागले.

पण सॉफ्टवेअरमधलं कंबर-चेहरा बारीक करायचं साधन उघडलं की स्क्रीन काळी. वर सूचना, स्क्रीनवर चित्रं उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डमध्ये अडचण आहे. कसली अडचण, ते सांगेल तर शपथ. मी सेटिंगमध्ये जाऊन कार्डाचा वापर बंद केला. सॉफ्टवेअर शहाण्यासारखं चालायला लागलं, रंग, उजेड सगळं होत होतं, फक्त नेमकं तेच साधन क्लिक होईना. म्हणून कार्ड परत चालू करून त्याचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम टाकला, तर स्क्रीनभर रंगीत चौकोन. जुना ड्रायव्हर टाकला, चौकोन गेले आणि काळी स्क्रीन परत आली. तेव्हा मी त्या मशीनला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. तिकडून तिचे मेसेज, "ताई, झालं का?" शेवटी मीच मेन स्विच बंद करून कॉम्प्युटरचा डबा उघडला. आमच्या मागच्या भिंतीला लागून कापड विणायचे लूम आहेत. सुताचे बारीक तंतू घरात उडत असतात, पाण्याच्या हंड्यावरसुद्धा बसतात. ते सगळं रोज झटकणारी मी, या डब्यात कधी डोकावले नव्हते. कार्डाच्या पंख्याभोवती तंतूंचा गच्च गोळा बसला होता. पंखा फिरत नव्हता, म्हणून जड काम आलं की कार्ड तापून बंद पडत होतं. कोरड्या ब्रशने सगळं साफ केलं, कार्ड परत बसवलं, आणि ते साधन मुकाट उघडलं. इतकं बरं वाटलं की मी स्वतःसाठी चहा टाकला.

मग दंड, हनुवटी, कंबर. कंबर आत ढकलली की मागचा मांडवाचा खांबही वाकतो, तो सरळ करत बसावं लागतं. पानं तयार होईपर्यंत लग्नाचा सीझन संपला होता.

छापायच्या आधी बघायला म्हणून ती आली. माझ्या खुर्चीत बसून एकेक पान बघत होती. हात उचलला की तिच्या बांगड्या मनगटावरून पार कोपरापर्यंत घसरत होत्या.

"ताई, अजून थोडं कर ना," ती म्हणाली. "फोटोत मी जास्त जाडी दिसते."

मी फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. खरंच की. मी इतकी दाबूनचेपून बारीक केलेली नवरी तिच्यापेक्षा भरलेली दिसत होती.

"जेवतेस ना गं बाय?"

"रात्रीचं सोडलंय. सासू म्हणते, आता कशी बरी दिसतेस."

"कार्ड परत बिघडलं," मी धडधडीत खोटं सांगितलं. "आता काय बी व्हायचं न्हाय." मशीन व्यवस्थित चालू होतं. मी स्क्रीन बंद केली, तिला आत नेलं, तांदळाची भाकरी थापली, सुकटीची चटणी वाढली. ती खाली मान घालून जेवली. दुसरी भाकरी मागायच्या आधी तिने दाराकडे बघून घेतलं.