शेवग्याखालचा खड्डा

आमच्याकडे कार्याला चार माणसं जमली की अव्वाचे किस्से निघतातच. प्रत्येक जण आपला एक सांगतो आणि दर खेपेला थोडा वाढवून सांगतो. अशानं त्यांचा एवढा ढीग झालाय की खरा कुठला आणि चढवलेला कुठला, आमचं आम्हालाच कळत नाही. मी आपली डोळ्यांसमोर घडलेलेच सांगते. त्यातला एक मी इतकी वर्षं कुणाला सांगितला नव्हता. आता त्यातलं कुणी उरलं नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

अव्वा म्हणजे माझ्या वडिलांची आई. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळे घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, तिनंच मला वाढवलं. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात तिचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. समया, पानदानं, अडकित्ते, घंटा, मूर्ती. पुढे दुकान, मागे घर, त्याच्या मागे परस.

दुकानातल्या निम्म्या वस्तू खरोखर जुन्या होत्या. उरलेल्या निम्म्या अव्वा जुन्या करायची!

परसात शेवग्याखाली तिचा एक खड्डा होता. नवीकोरी समई चिंच-मिठाच्या पाण्यात बुडवायची, शेणात लडबडून खड्ड्यात पुरायची आणि बरोबर बारा दिवसांनी काढायची. बाहेर येताना समईच्या अंगावर हिरवट काळी कळा आलेली असायची, जणू दोनचार राज्यं बघून आलीय.

*

एकदा कुणा साहेबाची मडम आली. बरोबर दुभाषी. मडमेनं एक समई उचलली आणि विचारलं, ही तीनशे वर्षांची असेल का? ती समई खड्ड्यातून निघून आठवडाही झाला नव्हता. मी आत तोंडाला पदर लावून उभी.

अव्वा नम्रपणे म्हणाली, "बाईसाहेब शिकलेल्या. आमाला तेवढं कुटलं कळतंय?"

मडम खूश होऊन समई घेऊन गेली. अव्वा मला म्हणाली, बघ, मी एक शब्द तरी खोटा बोलले का? हे तिला खरंच तसं वाटायचं.

*

पुढे एका वकिलांनी पितळेचा पोकळ नंदी नेला होता. महिन्याभरानं ते तणतणत परत आले. नंदीच्या पोटातून हिरवा कोंब बाहेर आला होता! शेणाबरोबर भोपळ्याची बी आत गेली असणार. वकील म्हणाले, हा काय प्रकार आहे?

अव्वानं कोंबाकडे पाहिलं, नंदीला हात जोडले. "कितीजण विकत नेतात. तुमाला पावला की!"

वकिलांनी एकदा नंदीकडे पाहिलं, एकदा अव्वाकडे, आणि नंदी धोतराच्या सोग्यात झाकून घरी घेऊन गेले.

*

या सगळ्याचा राग एकाच माणसाला यायचा, माझ्या काकाला. अव्वाचा हा एकुलता उरलेला मुलगा. गिरणीत कामाला होता, सभांना जायचा, अंगावर खादी. सत्याशिवाय स्वराज्य नाही, असं त्यानं तिला जेवताना ऐकवलं आणि खड्डा बुजवायला सांगितला. न बुजवल्यास दुकानाच्या पैशाचं जेवणार नाही म्हणाला आणि दोन दिवस चुरमुऱ्यावर राहिला. तिसऱ्या दिवशी अव्वानं हुलग्याचं माडगं केलं आणि म्हणाली, हे शेवग्याच्या पैशाचं आहे. काका जेवला. शेवगा त्या वर्षी धरलाच नव्हता.

*

मग तीस सालचा उन्हाळा आला. गावात लष्करी कायदा लागला. पांढरी टोपी दिसली की धरपकड, झेंडा सापडला की सक्तमजुरी. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, नववा महिना भरत आला होता.

एका दुपारी काका मागच्या दारानं आला. हातात गाठोडं, त्यात झेंडा, टोप्या आणि वाटायची पत्रकं. बोळाच्या टोकाला झडती सुरू झाली होती. जाळायला वेळ नव्हता, जाळलं तर धूर दिसला असता. अव्वानं काही न विचारता ते गाठोडं खड्ड्यात घातलं, वर माती लोटली आणि काकाला शेजारच्या कौलांवरून मैंदर्गीच्या वाटेला लावलं. मग तिचं मातीकडे लक्ष गेलं. ओली, नुकती उकरलेली माती भर उन्हात डोळ्यांत भरत होती.

ती तशीच आत आली. मला बाळंतिणीच्या खोलीत आडवं केलं, डोक्याला फडकं बांधलं, शेगडीत ओवा-शेपा टाकून धूर केला. दुकानातला रांगता बाळकृष्ण दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला.

हवालदार टेंभुर्णीकडचा होता. मागे बंदुकीवाला गोरा शिपाई. दुकान उलथंपालथं करून ते परसात गेले. मला खिडकीच्या फटीतून दिसत होतं. हवालदारानं बुटाच्या टोकानं माती दाबली.

"हितं काय पुरलंय, मावशी?"

"नातीची वार," अव्वा म्हणाली. "सकाळीच सुटली."

हवालदारानं बूट मागे घेतला. बाळामागून पडलेली वार उकरली तर लेकराच्या जिवाला धोका, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण गोऱ्यानं काहीतरी विचारलं, तेव्हा तो खोलीच्या दाराशी आला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं, म्हणून उंबऱ्याशीच थांबला. धुरातून त्याला मी दिसले, पाळणा दिसला. मी घोंगडीखाली पोट दाबून धरलं होतं आणि पोटातलं लेकरू लाथा मारत होतं.

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

तो हसला. म्हणाला, मला चार पोरगेच, आमच्या मालकिणीला मुलीची लई हौस. बाराव्या दिवशी बारशाला तिला घेऊन येतो.

ते गेल्यावर मी विचारलं, मुलगी का सांगितलंस? अव्वानं बाळकृष्ण पाळण्यातून उचलला. "पोरगी म्हटलं की कुनी बघाया येत न्हाय, असं वाटलं गं."

*

परसाच्या भिंतीला लागूनच पोलिसांचा पहारा बसला. खड्ड्याला हात लावायची सोय राहिली नाही. बाराव्या दिवशी पाळण्यात मूल नसलं, किंवा मुलगा असला, तर माती उकरली जाणार आणि मैंदर्गीहून काकाला बेड्या घालून आणणार. अव्वानं मला एरंडेल दिलं, घर सारवायला लावलं, जातं ओढायला लावलं. दहावा दिवस गेला, अकरावा गेला. त्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हणाली, खोटं बोलले ते एकदाच, आणि त्यात माझा पोरगा चाललाय.

बाराव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. सुईण बोलावता येईना, अव्वानंच केलं सगळं. दुपारी बाराच्या सुमाराला मुलगी झाली. अव्वानं कपाळ जमिनीला टेकवलं. खरी वार मडक्यात घालून चुलीमागे ठेवली आणि कामाला लागली. लेकराला तेल चोळलं, हळद-बेसन लावून लव काढली, धूर दिला, डोळे काजळानं भरले, दंडाला काळा दोरा बांधला. कुठं काय लावायचं ते हातांना ठाऊक होतं.

चारला ती दोघं आली. हवालदार दुकानाच्या पायरीवर बसला. बाई आत आली, लेकराला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, मी शिवलेलं झबलं घालून बघू. दुपटं सोडलं.

नाळ तशीच होती. दोऱ्यानं बांधलेली, ओली. बारा दिवसांच्या लेकराची ती वाळून गळलेली असते.

चार लेकरांची आई ती. तिनं नाळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग अव्वाकडे. अव्वाचा हात पाळण्याच्या दोरीवर होता, तो हलला नाही.

बाहेरून हवालदारानं विचारलं, "कशी हाय गं पोरगी?"

बाईनं झबलं घातलं आणि सावकाश एकेक बंद बांधला. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बारा दिसांची कशाची, पंदरा दिसांची वाटती की."