झाकून ठेवलेली वाटी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी रोह्याला, वाचनालयात होते. "ताई, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. पेणला जाताना गाडी नागोठण्याला थांबली आणि रडू येण्याआधी मला जुना हेवाच आठवला…

शेवटच्या काही वर्षांत आईच्या मनातून एकेक माणूस पुसलं गेलं. उरले ते वाल. सकाळी उठली की मोड आलेले वाल समोर हवेत. दिवसभर सोलत बसायची. "माझी लेक यायचीय रोह्याहून. तिला वालाचं बिरडं लागतं." वहिनी न कंटाळता रोज मूठभर वाल भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायची. आईने विचारलं, "आली का गो?" की म्हणायची, "गाडी नागोठण्याला थांबलेय. येतीलच." आई निवांत व्हायची. सोललेल्या वालांची, डाळिंब्यांची पहिली वाटी लेकीसाठी बाजूला ठेवायची, वर ताटली. त्या वाटीला कुणी हात लावायचा नाही.

मी जायचे, समोर बसायचे. "आई, मीच ती. आले बघ." एकदा असं म्हटल्यावर तिने वाटी पदराखाली ओढली. "ह्यांना चहा दे गो, आणि पाठव." वहिनी हळूच म्हणाली, "ताई, लेक होऊ नका. सोलायला बसा."

बसले. आधी मला वहिनीचाच हेवा वाटायचा. आईचं 'गो' आता तिच्या वाट्याला होतं. पण त्या दुपारी कळलं, खरा हेवा नागोठण्याला अडकलेल्या त्या मुलीचा होता. न येताही आईचा सगळा जीव तिच्यावर.

आई माझी बोटं निरखत होती. "तुमची डाळिंबी अख्खी निघते. माझ्या लेकीला नाय जमत. मोडते तिची. खायला तेवढी पुढं."

"मग तिच्यासाठी कशाला ठेवता?" माझा स्वर जरा तिखटच लागला.

आईने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुम्हाला लेक नाय वाटतं?" आणि मी सोललेला सगळा ढीग तिने उचलून त्या वाटीत घातला, वर ताटली ठेवली.

तेरावं झाल्यावर वहिनीने ती वाटी माझ्या पिशवीत ठेवली. "तुमचीच आहे, ताई." काल रोह्यात वाल सोलायला बसले. बऱ्याच डाळिंब्या मोडल्या. अख्ख्या तेवढ्या वाटीत घातल्या, ताटलीने झाकल्या… मोडलेल्या माझ्यासाठी शिजवल्या.