काशिनाथचं काम, साहेबांचा सत्कार

मंडळी, आज दुपारी धाराशिवला आमच्या जुन्या दूध संघाच्या मॅनेजरचा सत्कार झाला. अजून किळस जात न्हाय.

साहेब माईकवर म्हणाले, "ऐंशीच्या दशकातल्या त्या दुष्काळात दूध थंड करायचं मशीन बंद पडलं. मी स्वतः दुरुस्त केलं, म्हणून गावांचं दूध वाचलं."

साफ खोटं! साहेब तेव्हा घरी निघून गेले होते. मशीन आमच्या मेकॅनिकनं, काशिनाथनं चालू केलं. तो माझ्या शेजारीच बसला होता.

मी म्हणालो, "काशिनाथ, उठून सांग की."

"आता कशाला? तवा बी साहेबांनी हेच सांगितलं, तवा तरी तुमी त्वांड उघडलं व्हतं का?"

मी खाली बघितलं. भाषण संपलं आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

असा साहेब तुम्हालाही भेटला असेल. तुम्ही काय केलंत?